रेंडर संपत नाही, फ्रेम लुकलुकते: सॅम्पल्स वाढवण्याआधी हे तपासा

कोल्हापुरात अ‍ॅनिमेशनची कामं साधारण तीन प्रकारची येतात. एखाद्या नव्या स्कीमचा फ्लॅट आतून फिरवून दाखवायचा, गुजरीतल्या पेढीसाठी साज नाहीतर ठुशी फिरवायची, आणि गणपतीच्या तोंडावर मंडळाच्या एलईडी पडद्यासाठी देखावा करायचा. कामं वेगळी, त्रास मात्र एकच. रात्री रेंडर (कॉम्प्युटरनं उजेड मोजून फ्रेम तयार करणं) लावून घरी जायचं, सकाळी येऊन बघावं तर निम्म्या फ्रेमसुद्धा पडलेल्या नसतात, आणि ज्या पडल्यात त्या दाणेदार. मग पोरं सॅम्पल्स (दर पिक्सेलमागं सोडायचे किरण) दुप्पट करतात नि पुन्हा लावतात. हा बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की आता फोनवरच्या वर्णनावरून अंदाज येतो. खाली सगळं ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स या रेंडररच्या भाषेत लिहिलंय, कारण इथं बहुतेकांकडे तेच आहे. व्ही-रे किंवा अर्नोल्ड हे दुसरे रेंडरर वापरणाऱ्यांना हीच बटणं वेगळ्या नावानं सापडतील.

लक्षणं

आपलं दुखणं यातलं कोणतं ते आधी ठरवा. दोन-तीन एकदम असू शकतात.

- फ्रेम सुरू व्हायलाच मिनिट-दोन मिनिटं जातात, सॅम्पल्सचा आकडा हलायला लागला की मात्र पटकन संपते.
- सगळीकडे नाही, पण छताखाली, कोपऱ्यात, सोफ्याच्या मागं दाणे राहतात. कितीही सॅम्पल्स द्या, तिथले जात नाहीत.
- पांढरेशुभ्र ठिपके, म्हणजे फायरफ्लाय. दर फ्रेमला जागा बदलतात.
- एकेक फ्रेम थांबवून पाहिली तर स्वच्छ, प्ले केली की भिंती आतून उकळताहेत असं वाटतं.
- खोली काळवंडलेली. लाईट वाढवावा तर खिडकीजवळचा भाग जळतो, आतला तसाच.
- पहिल्या फ्रेम लवकर पडतात, नंतर प्रत्येक फ्रेमचा वेळ वाढत जातो.

सॅम्पल्स वाढवून का भागत नाही

आज रूढ असलेली पद्धत पाथ ट्रेसिंगची. कॅमेऱ्यातून किरण सोडायचा, तो जिथं आदळेल तिथून एक दिशा यदृच्छेनं निवडून पुढं जायचं, आणि अशा शेकडो किरणांची सरासरी म्हणजे त्या पिक्सेलचा रंग. जेम्स काजिया यांनी १९८६ साली रेंडरिंगचं समीकरण मांडलं, तेव्हा सोबत ते सोडवायची ही रीतही दिली. सरासरीच्या या खेळात नॉईज, म्हणजे दाणे, निम्मा हवा असेल तर सॅम्पल्स चौपट लागतात. पाव हवा असेल तर सोळापट. २५६ वर दाणेदार दिसणारी फ्रेम ५१२ वर जवळपास तितकीच दाणेदार दिसते, वेळ मात्र सरळ दुप्पट होतो.

तीन मिनिटांची फिल्म, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ४५०० फ्रेम. फ्रेमला पाच मिनिटं धरली तर ३७५ तास, म्हणजे पंधरा दिवसांहून जास्त. अर्धा किलोवॅट ओढणाऱ्या मशीनला तेवढ्यात १८७ युनिट वीज लागते. यात सॅम्पल्स दुप्पट करणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. आग कुठं आहे ते शोधायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढीच काढा.

एक आकडा मात्र लगेच बघून घ्या. ब्लेंडर ३.० पासून नवीन फाईलमध्ये रेंडरचे सॅम्पल्स ४०९६ आणि नॉईज थ्रेशोल्ड ०.०१ असा ठेवलेला येतो, आणि बरेच जण त्याला हातच लावत नाहीत. थ्रेशोल्ड म्हणजे ‘इतपत स्वच्छ झालं की हा पिक्सेल सोडून दे’ ही सूचना. शेवटी डिनॉईज (दाणे पुसणारा फिल्टर) लावणारच असाल तर ०.०१ चा हट्ट कशाला? ०.०५ करून एक फ्रेम मारा, फरक दिसतो का बघा. पुष्कळ वेळा दिसत नाही.

पहिली तपासणी: वेळ कशात जातोय ते वाचा

हे फुकट आहे. रेंडर चालू असताना खिडकीच्या वरच्या पट्टीत काय लिहून येतं ते नुसतं वाचत बसा. ‘सिंक्रोनायझिंग’ आणि ‘बिल्डिंग बीव्हीएच’ (किरण कशावर आदळतो ते पटकन शोधायची मांडणी) यातच निम्मा वेळ जात असेल, तर तुमचा त्रास प्रकाशाचा नाहीच. तो सीन मांडण्याचा वेळ आहे आणि दर फ्रेमला नव्यानं लागतोय. रेंडर सेटिंगमधल्या परफॉर्मन्समध्ये पर्सिस्टंट डेटा चालू करा. न हलणाऱ्या वस्तू मग मेमरीत तशाच राहतात. मेमरी जास्त लागते, तेवढं लक्षात ठेवा.

वेळ फ्रेमगणिक वाढतोय अशी तक्रार असेल तर मशीन थंड झाल्यावर नेमकी उशिरा पडलेली फ्रेम एकटी मारून बघा. ती एकटी लवकर पडली तर सीनमध्ये काही नाही, मशीन तापून वेग कमी करतंय. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या ऑफिसात लॅपटॉपवर रेंडर लावणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी बघावं.

दुसरी तपासणी: कार्ड आणि पिक्सेल

प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स कार्डवर टिक आहे का, आणि सीनमध्ये डिव्हाईस ‘जीपीयू कॉम्प्युट’ आहे का, ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. ड्रायव्हर बदलला किंवा ब्लेंडरची नवी आवृत्ती टाकली की यातलं एखादं पुन्हा मूळपदावर येतं, रेंडर गुपचूप सीपीयूवर जातो आणि लोक लाईटिंगला दोष देत बसतात.

आता पिक्सेल. मंडळाचा कार्यकर्ता सांगतो, ‘दादा, फोर-के पाहिजे, लई भारी दिसायला पाहिजे.’ एलईडीवाल्याला पॅनेलचा पिच, म्हणजे दोन पिक्सेलमधलं मिलिमीटरमधलं अंतर, विचारा. पिच ३.९१ असेल तर अर्ध्या मीटरच्या एका पॅनेलला १२८ पिक्सेल. चार मीटर रुंद पडद्याला आठ पॅनेल, म्हणजे रुंदीत एकूण १०२४ पिक्सेल. तुम्ही ३८४० रुंदीचा रेंडर लावलाय, म्हणजे जवळपास चौदापट पिक्सेलचा प्रकाश मोजताय आणि पडदा तो पुन्हा आवळून दाखवतोय. या एका फोननं जेवढा वेळ वाचतो तेवढा पुढच्या बहुतेक तपासण्यांत वाचत नाही.

तिसरी तपासणी: दाणे कुठल्या पासमध्ये आहेत

पास म्हणजे चित्रातला एकेका प्रकारच्या उजेडाचा सुटा भाग. खरं निदान इथं होतं, त्यामुळं सावकाश करा.

कॅमेरा व्ह्यूमध्ये कंट्रोल आणि बी दाबून जिथं सगळ्यात जास्त दाणे आहेत तिथं छोटी चौकट आखा. सॅम्पल्स ६४, थ्रेशोल्ड बंद, डिनॉईज बंद. डिनॉईज चालू ठेवून नॉईज शोधता येत नाही, पण सगळे तसंच करतात. व्ह्यू लेयरच्या पासेसमध्ये डिफ्यूज (मॅट), ग्लॉसी (चकचकीत) आणि ट्रान्समिशन (आरपार) यांचे डायरेक्ट-इनडायरेक्ट (थेट आलेला आणि उड्या मारून आलेला उजेड) दोन्ही पास चालू करा. धूर किंवा धूळ असेल तर व्हॉल्यूमचेही. रेंडर मारा आणि एकेक पास उघडून बघा.

डिफ्यूज डायरेक्ट दाणेदार असेल तर कारण लाईटमध्येच आहे: फार मोठा एरिया लाईट, खूप संख्येनं लाईट, किंवा एचडीआरआयमधला (आकाशाच्या उजेडासाठी वापरायचा फोटो) बारीक प्रखर सूर्य. डिफ्यूज इनडायरेक्ट दाणेदार असेल तर प्रकाश भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत येतोय आणि मोजक्याच किरणांना वाट सापडतेय. घरातल्या सीनचं हे हमखास दुखणं. ग्लॉसी इनडायरेक्टमध्ये पांढरे ठिपके दिसले तर चकचकीत मटेरियल आणि कॉस्टिक्स (चकचकीत वस्तूवरून किंवा काचेतून वळून पडलेला उजेड). पुढच्या तपासण्यांपैकी कुठली आपल्या कामाची, हे इथं कळतं. बाकीच्या सोडून द्या.

सोबत आणखी एक करा. सगळे लाईट बंद करून एकेक लावत त्याच चौकटीचा रेंडर घ्या. पुष्कळदा असं निघतं की नऊ लाईटपैकी एकच, कोपऱ्यातल्या लॅम्पच्या शेडमधला, सगळी घाण करतोय आणि त्याच्यामुळं सीनमध्ये पडणारा उजेड नावापुरता आहे.

चौथी तपासणी: खिडकीची काच

फ्लॅटच्या सीनमध्ये माझा हात आधी इथं जातो. मॉडेल करणाऱ्यानं इमानदारीनं खिडकीला काच बसवलेली असते, तिला ग्लास शेडर (काचेसारखं वागणारं मटेरियल) दिलेला असतो, आणि सगळा उजेड त्या काचेतून आत यायचा असतो.

पाथ ट्रेसर हुशारी करतो ती अशी: किरण जमिनीवर आदळला की तिथून तो थेट लाईटला विचारतो, ‘मी तुला दिसतो का?’ मध्ये काही नसेल तर उजेड धरला, असेल तर सावली. हा प्रश्न विचारायला जो किरण जातो तो शॅडो रे. वाटेत ग्लास शेडर आला की त्याच्या दृष्टीनं वाट बंद, कारण काचेत किरण वाकतो आणि सरळ रेषेचा हिशोब लागू पडत नाही. मग उजेड मिळायचा तर यदृच्छेनं भटकणारा एखादा किरण काचेतून बाहेर जाऊन नेमका सूर्याला लागला पाहिजे. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश. लागतो कधीतरी, आणि लागला की तो पिक्सेल पांढरा फटक. खोलीभर अंधार आणि मध्येच ठिपके दिसले की समजा, हेच झालंय. रिफ्रॅक्टिव्ह कॉस्टिक्स बंद केले असतील तर ठिपकेही नाहीत, नुसता अंधार.

उपाय सोपा. काचेचं ऑब्जेक्ट निवडा, रे व्हिजिबिलिटीत शॅडो आणि डिफ्यूज या दोन टिक काढा. कॅमेऱ्याला काच दिसते, तिच्यावर प्रतिबिंबही दिसतं, उजेड मात्र विनाअडथळा आत येतो. रंगीत काच असेल तर असं करून चालत नाही. मग शेडरमध्ये लाईट पाथ नोडचा ‘इज शॅडो रे’ वापरून सावलीपुरता ट्रान्सपरंट शेडर मिसळावा लागतो. त्याला काचेचा रंग दिला की उजेडही त्या रंगाचा येतो.

काच निघाली तरी आकाशाचा उजेड उरतोच. खोलीतल्या बिंदूला आकाश दिसतं ते खिडकीएवढंच, पण किरण सगळ्या दिशांना फेकले जातात आणि बहुतेक भिंतीवर आपटून वाया जातात. खिडकीच्या मापाचा एरिया लाईट आतल्या बाजूला तोंड करून लावा आणि त्याची पोर्टलची टिक चालू करा. पोर्टल स्वतः उजेड देत नाही, आकाश शोधायचं तर इकडं बघा एवढंच तो सांगतो. मोठ्या गॅलरीच्या, उघड्या सीनमध्ये पोर्टलचा उपयोग नाही, उगीच लावू नका.

पाचवी तपासणी: बाऊन्स किती, ते भिंत ठरवते

लाईट पाथ्समध्ये डिफ्यूज बाऊन्स, म्हणजे मॅट पृष्ठभागावरून उजेडाच्या उड्या, मुळात ४ असतात. कुणीतरी व्हिडिओत सांगितलं म्हणून लोक ते १२ करतात, नाहीतर वेग हवा म्हणून १. दोन्हीत भिंतीचा विचार नाही.

पांढरा डिस्टेंपर ८० टक्के उजेड परत फेकतो असं धरा. बंद खोलीत पहिल्या उजेडाचं १ मोजलं, तर पुढं ०.८, ०.६४ असं भर पडत एकूण ५ पर्यंत जातं. चार बाऊन्सवर थांबलात तर ३.३६ हाती येतात, म्हणजे दोन-तृतीयांश. उरलेला तृतीयांश म्हणजे ती काळवंडलेली खोली. लोक मग आत खोटे लाईट लावतात, त्या लाईटचे नवे दाणे येतात, आणि चक्र सुरू. खोलीला खिडकी असते, उजेड बाहेरही जातो, म्हणून प्रत्यक्षात तूट कमी असते. पण दिशा तीच. फ्लॅटसाठी ६ ते ८ द्या. आणि भिंतीचा पांढरा रंग पूर्ण १.० कधीच ठेवू नका. असा पांढरा जगात नसतो आणि तो किरणांना थकूच देत नाही.

याउलट काळ्या दगडाचं देऊळ घ्या. बेसाल्ट दहाएक टक्के परत फेकतो असं धरलं तर पहिल्याच बाऊन्सनंतर ९९ टक्के हिशोब पूर्ण होतो. तिथं डिफ्यूज २ च्या वर ठेवणं म्हणजे किरणांना अंधारात फिरायला पाठवणं. हेमाडपंती मंडपाचा सीन बारा बाऊन्सवर लावलेला मी पाहिलाय, तो नुसता आकडा उतरवून वेगानं पडायला लागला आणि चित्रात काडीचा फरक पडला नाही.

सहावी तपासणी: साज आणि ठिपके

सोन्याचे मणी, पाचू-माणकं, खाली पांढरं सॅटिन. चकचकीत वस्तूवरून उडालेला उजेड सॅटिनवर पडतो ते कॉस्टिक्स, आणि साध्या पाथ ट्रेसरला ते नीट सापडत नाहीत. सापडले की फायरफ्लाय होतात. आधी रिफ्लेक्टिव्ह आणि रिफ्रॅक्टिव्ह कॉस्टिक्सच्या टिक काढा, फिल्टर ग्लॉसी १ वर असल्याची खात्री करा, आणि इनडायरेक्ट क्लॅम्प १० वरून ४-५ वर आणा. क्लॅम्प म्हणजे कुठल्याही एका सॅम्पलला त्याच्यापेक्षा जास्त प्रखर होऊ न देणं. फार खाली नेलात तर सोनं पितळी दिसायला लागतं, आणि सराफाच्या ते तुमच्याआधी लक्षात येतं.

खड्याखाली रंगीत उजेडाची झिलई हवीच असेल, तर ३.२ पासून आलेलं शॅडो कॉस्टिक्स तेवढ्या एका खड्यापुरतं आणि एका लाईटपुरतं चालू करा. पैलू पाडलेल्या खड्यांवर ते अडखळतं. मग एक टेक्श्चर लाईटला लावून झिलई खोटीच टाकलेली बरी. दागिन्याच्या जाहिरातीत कुणी भौतिकशास्त्र तपासत नाही, चमक तपासतात.

सातवी तपासणी: शेकडो दिवे

त्रिपुरारी पौर्णिमेचा पंचगंगा घाट करायला सगळ्यांनाच आवडतो. पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या, प्रत्येकीची ज्योत म्हणजे उजेड देणारा मेश (त्रिकोणांची जाळी). त्या मेशला दोनशे त्रिकोण असतील, तर प्रत्येक त्रिकोण हा रेंडररच्या दृष्टीनं वेगळा दिवा. हजार पणत्यांचे दोन लाख दिवे झाले. प्रत्येक बिंदूपाशी यातला कुठला विचारायचा?

ब्लेंडर ३.५ पासून लाईट ट्री आहे. तो जवळचे, प्रखर दिवे आधी निवडतो. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर नवी टाकणं हाच उपाय, आणि नवीत असाल तर टिक चालू आहे का बघा. पण त्याच्यावर सगळं टाकू नका. ज्योतीच्या मटेरियलमध्ये एमिशन सॅम्पलिंग ‘नन’ करा, म्हणजे ज्योत नुसती दिसते. उजेडासाठी प्रत्येक पणतीत एक पॉइंट लाईट, तोही कॅमेऱ्याजवळच्या रांगांपुरता. लांबच्या पायऱ्यांना एकेका रांगेमागं एक लांबट एरिया लाईट पुरतो. पाण्यातल्या प्रतिबिंबात ज्योती दिसतातच, तिथं काही हरवत नाही.

आठवी तपासणी: शॉटमध्ये हलतंय काय?

इथवर एकेक फ्रेम नीट झाली. आता लुकलुकणं. माझं मत असं की पद्धत निवडायची ती सीन कसला आहे यावर नाही, तर शॉटमध्ये काय हलतंय यावर. कॅमेरा, वस्तू की उजेड?

आधी लुकलुकण्याचं कारण पक्कं करा. लागोपाठच्या दोन फ्रेम डिनॉईजशिवाय आणि डिनॉईजसकट मारून आलटून पालटून बघा. डिनॉईज लावल्यावरच भिंतीवर ढगाळ डाग हलताना दिसले, तर डिनॉईजर अंदाज बांधतोय आणि दर फ्रेमला वेगळा बांधतोय, कारण त्याला आधीची फ्रेम माहीतच नसते. त्याला अल्बेडो (वस्तूचा मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) मिळतायत का बघा, आणि फक्त याच वेळी, दोषी पास स्वच्छ केल्यावर, सॅम्पल्स वाढवा. नॉईजचा नक्षा पडद्याला चिकटून राहिला आणि मागून चित्र सरकतंय असं वाटलं, तर सीड, म्हणजे नॉईजचा नक्षा ठरवणारा आकडा, दर फ्रेमला एकच आहे. सीडशेजारच्या घड्याळावर टिचकी मारा.

फक्त कॅमेरा हलतोय, फ्लॅट तसाच आहे: मग भिंतीवरचा उजेड दर फ्रेमला नव्यानं मोजण्यात अर्थ नाही. कॉर्नेल विद्यापीठात १९८४ साली रेडिओसिटी मांडली गेली, तिचा मुद्दाच हा होता की मॅट पृष्ठभागावरचा उजेड कुठूनही बघितला तरी तोच असतो, म्हणून एकदा मोजा आणि कॅमेरा हवा तिथं न्या. आज आपण तेच बेक करून, म्हणजे मोजलेला उजेड वस्तूवर चित्रासारखा छापून ठेवून, करतो. भिंती, छत, पडदे यांचा डिफ्यूज बेक करा. चकचकीत फरशी, आरसा, स्टीलचा नळ यांचं प्रतिबिंब कॅमेऱ्याबरोबर बदलतं, ते बेक होत नाही, ते मोजू द्या. यूव्ही (वस्तूचा सपाट उलगडलेला नकाशा) नीट नसतील तर बेकिंगमध्ये दोन दिवस जातील. तीस सेकंदांच्या शॉटला ते परवडत नाही, तीन मिनिटांच्या फेरफटक्याला परवडतं.

व्ही-रेवाले इथं इरेडियन्स मॅप वापरतात. काही निवडक बिंदूंवर उजेड मोजायचा आणि मधलं भरून काढायचं, ही ग्रेग वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १९८८ ची कल्पना. एका चित्राला ती झकास. पण दार उघडलं, पंखा फिरला, माणूस चालला की बिंदू बदलतात, मधलं भरणं बदलतं, आणि डाग भिंतीवर रांगायला लागतात. वस्तू हलत असतील तर तिथं मुकाट ब्रूट फोर्सवर, म्हणजे दर पिक्सेल नव्यानं मोजण्यावर, या. वेळ लागतो, दाणे दिसतात, पण ते दाणे डिनॉईजरला काढता येतात. रांगणारे डाग काढता येत नाहीत.

कॅमेरा खिळलेला, वस्तू हलतेय: सगळ्यात मोठी बचत इथं आहे आणि सगळ्यात कमी लोक ती घेतात. पार्श्वभूमीची एकच फ्रेम भरपूर सॅम्पल्सवर मारा. हलणारी वस्तू वेगळ्या लेयरवर, जमिनीला शॅडो कॅचर (नुसती सावली धरणारी), आणि कंपोझिटमध्ये जोडा. पार्श्वभूमी एकच चित्र असल्यानं ती लुकलुकू शकतच नाही. देखाव्यातले बहुतेक शॉट असेच असतात. तसंही लांबून बघायच्या एलईडी पडद्यासाठी ब्लेंडरचाच झटपट रेंडरर ईव्ही पुष्कळदा पुरतो. फक्त त्यातली स्क्रीन स्पेसवर (फ्रेममध्ये दिसतंय तेवढ्यावरच) चालणारी प्रतिबिंबं वस्तू फ्रेमबाहेर गेली की गायब होतात, तेवढं कडेला बघा.

उजेड हलतोय: अंबाबाईच्या किरणोत्सवाचा शॉट. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं पश्चिमेच्या महाद्वारातून आत येतात. परंपरेनं पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. कॅमेरा गाभाऱ्यासमोर खिळलेला, मूर्ती स्थिर, किरण वर सरकतोय, बाजूला समया तेवताहेत. बेक करता येत नाही, कारण उजेडच बदलतोय. पण उजेडाची बेरीज होते. समयांचा उजेड आणि सूर्याचा उजेड वेगवेगळा मोजून मग मिळवला तरी उत्तर तेच येतं. म्हणून समयांची एक फ्रेम निवांत, भरपूर सॅम्पल्सवर मारायची. सूर्याचा उजेड तेवढा दर फ्रेमला, आणि तो थेट येणारा असल्यानं स्वस्त पडतो. दोन्ही ईएक्सआर फाईलमध्ये (उजेडाचे मूळ आकडे तसेच ठेवणारी) ठेवा आणि कंपोझिटमध्ये मिळवा. पीएनजीत रंग आधीच वळवलेले असतात, त्यांची बेरीज चुकते. समई थरथरायला हवी असेल तर तिच्या लेयरची ब्राईटनेस कंपोझिटमध्येच हलवा. पुन्हा रेंडर नको.

सूर्याचा कोन मुळात ०.५२६ अंश असतो, तो शून्य करू नका. बिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळं शंभर मीटरवर सावलीची कड जवळपास मीटरभर पसरते. गाभाऱ्यात किरणाची कड सुरीनं कापल्यासारखी दाखवली की कोल्हापूरकर लगेच म्हणणार, हे काही खरं नाही.

किरणाच्या वाटेत धूळ चमकायला हवी म्हणून सगळ्या मंडपात व्हॉल्यूम भरू नका. किरणापुरता ठोकळा करा, वेगळ्या लेयरवर, निम्म्या रिझोल्यूशनला. धूळ मऊच असते, मोठी करून जोडली तरी ओळखू येत नाही.

रेंडर लावण्याआधी

व्हिडिओ फाईल नको, फ्रेमची मालिकाच काढा. पावसाळ्यात लाईट गेली तर व्हिडिओ फाईल उघडतच नाही. मालिकेत तेवढी एक फ्रेम जाते. ओव्हरराईट बंद आणि प्लेसहोल्डर्स चालू ठेवले की दोन मशीन एकाच फोल्डरवर काम वाटून घेतात. पहिली, मधली, शेवटची आणि सगळ्यात गर्दीची अशा चार फ्रेम मारून वेळेचा गुणाकार करा, मगच तारीख द्या.

थांबायचं कुठं

मशीन रेंडरमध्येच धाडकन बंद पडत असेल तर ही सगळी यादी बाजूला ठेवा. तो पॉवर सप्लाय, नाहीतर तापण्याचा बिघाड आहे, आणि पॉवर सप्लाय स्वतः उघडायची वस्तू नाही. बंद करून ठेवला तरी आत झटका बसण्याइतका चार्ज राहतो. हार्डवेअरवाल्याला बोलवा.

‘आउट ऑफ मेमरी’ येत असेल तर आधी टेक्श्चर उतरवा. एक आठ-के टेक्श्चर मेमरीत २५६ एमबी घेतं, आणि मागच्या भिंतीला त्याची गरज नसते. तरीही मावत नसेल तर तुमच्या कार्डाची मर्यादा आली. सेटिंग चाळत बसू नका, मोठ्या कार्डाचं मशीन किंवा रेंडर फार्म भाड्यानं घ्या. चार फ्रेमचा गुणाकार तारखेच्या पलीकडे जात असेल तेव्हाही तेच, आणि फार्मवर आधी दहा फ्रेमच टाकून बघा, सगळ्या नको.

धूर, काच आणि कॉस्टिक्स तिन्ही एकाच शॉटमध्ये खरे हवेत असा क्लायंटचा आग्रह असेल, किंवा वरच्या आठही तपासण्यांनंतर दोषी पास सापडलाय पण जात नाही, तर लाईटिंग करणाऱ्या अनुभवी माणसाला पैसे देऊन एक दिवस बसवा. त्याला तयार चित्र पाठवू नका. ६४ सॅम्पल्सची ती छोटी चौकट, तिचे सुटे पास आणि फाईल पाठवा. पाठवण्याआधी एक्स्टर्नल डेटामधून सगळी टेक्श्चर्स फाईलमध्ये पॅक करा, नाहीतर त्याचा पहिला फोन ‘सगळं गुलाबी दिसतंय’ म्हणून येईल आणि निम्मा दिवस त्यातच जाईल.